भित्रेपणाचे कलम

मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ हा कायदा मी पहिल्यांदा वाचला तो रद्दीच्या दुकानात उभा राहून. सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला उतरून वाकोल्याकडे चालत निघालो की हे दुकान लागायचे. दुकानदार वकिलांच्या घरून आलेली पुस्तके वेगळी बांधून ठेवायचा, कारण ती किलोवर न जाता नगावर जातात. त्या गठ्ठ्यात पाठपुठ्ठा निसटलेली एक प्रत होती. सहज चाळताना कलम १४५ पाशी बोट थांबले. पोलिसांनी केलेल्या गैरवर्तनाच्या शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. परवानगीशिवाय नोकरी सोडणे, कायद्याचा किंवा हुकमाचा जाणूनबुजून भंग करणे, कर्तव्यात हयगय करणे हे सगळे आहेच. पण त्याच यादीत, अगदी सुरुवातीला, एक शब्द आहे : भित्रेपणा. त्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा किरकोळ दंड.

मी संपूर्ण कायदा चाळला. भित्रेपणा म्हणजे काय याची व्याख्या त्यात कुठेही नाही.

हा शब्द आला कुठून हे शोधण्यात पुढे बरेच दिवस गेले. १८५७ नंतर इंग्रजांनी देशातील पोलिसांची जी नवी घडी बसवली, ती १८६१ च्या पोलीस कायद्याने. आयर्लंडमधली कॉन्स्टॅब्युलरी त्यांच्या डोळ्यांसमोर होती : जनतेत मिसळणारा पोलीस नव्हे, तर जनतेवर नजर ठेवणारे शिस्तबद्ध दल. त्या कायद्याच्या कलम २९ मध्ये कर्तव्यभंगाच्या जोडीला भित्रेपणा बसवलेला आहे. मुंबई इलाख्याचे कायदे वेगळे होते, जिल्ह्यांसाठी १८९० चा आणि शहरासाठी १९०२ चा. स्वातंत्र्यानंतर हे एकत्र करून १९५१ चा अधिनियम झाला. पुढे त्याच्या नावातले 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले, पण हे कलम राहिले. सैन्याच्या कायद्यात शत्रूसमोर भित्रेपणा दाखवणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षा आहे. पोलिसाला तीन महिने. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याने पोलिसाला अर्धवट सैनिक मानले, आणि त्याच्याकडून धैर्याची अपेक्षाही अर्धवटच ठेवली, असे मला तेव्हा वाटले. आता तसे वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मुंबईकराला नव्याने सांगायची गरज नाही. आम्हा सांताक्रूझकरांच्या वाट्याला त्यातले काही तुकडे आले. पार्ल्याला महामार्गावर टॅक्सीत ठेवलेला बॉम्ब फुटला, त्यात टॅक्सीचालक आणि प्रवासी दोघेही गेले. आणि हरियाणातल्या मानेसरहून निघालेले राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो पहाटे उतरले ते आमच्याच विमानतळावर. या दोन टोकांच्या मधली रात्र आम्ही दूरचित्रवाणीपुढे काढली. पण माझ्या डोक्यात जे रुतून बसले ते छत्रपती शिवाजी टर्मिनस.

रात्री पावणेदहाच्या सुमारास अजमल कसाब आणि इस्माईल खान हे दोघे लांबपल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षागृहात शिरले. गावाकडे निघालेली माणसे सामानावर डोके टेकून बसली होती. गोळीबार आणि हातबॉम्ब यांत तिथे पन्नासाहून अधिक माणसे मेली, शंभरावर जखमी झाली. 'मुंबई मिरर'चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा समोरच्याच इमारतीतल्या कचेरीतून कॅमेरा घेऊन धावत आले. त्यांनी टिपलेला कसाबचा फोटो जगभर गेला, पुढे खटल्यात पुरावा म्हणून उभा राहिला. पण डिसोझा यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती अनेकांना झोंबली. स्टेशनात बंदूकधारी पोलीस होते, आपण त्यांना गोळी झाडायला सांगत होतो, आणि ते झाडत नव्हते.

'मुंबई पोलीस घाबरले' हे वाक्य त्यानंतरच्या महिन्यांत लोकलच्या डब्यात कितीदा ऐकले याची मोजदाद नाही. मीही ते बोललो असेन.

मग त्याच स्टेशनातली दुसरी माणसे पाहावी लागतात. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे सर्व्हिस रिव्हॉल्व्हर घेऊन एके-४७ च्या समोर गेले आणि मारले गेले. होमगार्ड मुकेश जाधव मारला गेला. रेल्वे सुरक्षा दलाचा शिपाई जिल्लू यादव याने सहकाऱ्याच्या हातातली रायफल घेऊन गोळ्या झाडल्या, आणि त्यानंतर हाताला आली ती प्लास्टिकची खुर्ची हल्लेखोराच्या दिशेने भिरकावली. खुर्ची! लोक या गोष्टीवर हसायचे, मग गप्प व्हायचे. आणि उपनगरी फलाटांच्या वरच्या केबिनमधून उद्घोषक विष्णू झेंडे सलग सूचना देत राहिले : इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्यांच्या केबिनच्या दिशेनेही गोळ्या आल्या. झेंडे यांना कोणत्याही पोलीस कायद्याचे कलम लागू नव्हते.

एकाच छपराखाली, एकाच वेळी, एकाच पगारश्रेणीतली काही माणसे पुढे जातात आणि काही खांबाआड थांबतात. याचा उलगडा 'शूर' आणि 'भित्रे' अशी विभागणी करून होईल, असे मला बरीच वर्षे वाटत होते.

आमच्या चाळीत तळमजल्यावर सशस्त्र पोलिसातून निवृत्त झालेले एक हवालदार राहायचे. सगळे त्यांना काकाच म्हणत. मी कायद्याची ती प्रत घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून कलम वाचले, परत दिले आणि विचारले, "तू कधी बंदूक हातात घेतली आहेस का रे?" नाही म्हटल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली ती भित्रेपणाची नव्हे, पुंगळीची गोष्ट.

पुंगळी म्हणजे गोळी झाडल्यावर मागे राहते ते रिकामे काडतूस. काका सांगत, ड्यूटीवर जाताना काडतुसे मोजून मिळायची, सही करावी लागायची. परत येताना जितकी झाडली तितक्या पुंगळ्या मोजून द्यायच्या. एक पुंगळी कमी भरली तर रात्रभर गवतात बॅटरी घेऊन शोधायची. "गोळी कुणाला लागली हे नंतर विचारायचे. आधी पुंगळी कुठे आहे ते विचारायचे." सरावाला वर्षाकाठी ठरलेल्या गोळ्या असायच्या, त्याही सगळ्या मिळतील याची खात्री नाही. काही वर्षे सराव कागदावरच झाला, असे ते म्हणाले.

यात मला इतिहासाचा धागा दिसला, तो असा. १८५७ मध्ये हिंदी शिपायाच्या हातातली बंदूक उलटी फिरली, आणि पुढची नव्वद वर्षे इंग्रज सरकार ती भीती विसरले नाही. ईशापूरच्या कारखान्यात .३०३ ली-एन्फिल्ड रायफलींवरून .४१० बोअरच्या मस्केट तयार होत. नळी गुळगुळीत, मॅगझिन नाही, एका वेळी एकच गोळी. पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी त्या बनवलेल्या. सैन्याचे काडतूस त्यात चालू नये, हा त्यातला मुख्य हेतू. म्हणजे पोलिसाला शस्त्र द्यायचे, पण ते मुद्दाम अधू करून द्यायचे. काकांनी उमेदवारीच्या काळात तीच मस्केट वापरली होती. २००८ पर्यंत मस्केट मागे पडली आणि .३०३ आली. सैन्याने ती केव्हाच निवृत्त केली होती. एका गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी गोळी. समोरचा माणूस मिनिटाला शेकड्यांच्या गतीने गोळ्या सोडू शकणारे हत्यार घेऊन उभा.

पण हत्यार हे सगळे उत्तर नव्हे. शिंदे यांच्याकडे तर रिव्हॉल्व्हरच होते.

खरी गाठ हुकमाची आहे, असे मला वाटते. आपल्याकडे पोलिसाच्या बंदुकीची कल्पना जमावाभोवती घडली. दंगल, मोर्चा, बेकायदा जमाव. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जमाव पांगवण्याची स्वतंत्र कलमे होती : आधी हुकूम, मग बळ, आणि बळ तेवढेच जेवढे लागेल. गोळीबार झाला की चौकशी. कुणाच्या हुकमाने झाडली, किती झाडल्या, कमरेखाली का नाही मारल्या? हे सगळे योग्यच आहे. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव दलाने लोकांवर गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मेली, तेव्हा हेच प्रश्न विचारले गेले, विचारलेच पाहिजे होते. पण या शिस्तीत तीस वर्षे काढलेल्या शिपायाच्या बोटाला एकच गोष्ट शिकवली जाते : साहेबांनी सांगितल्याशिवाय दाबू नको. त्या रात्री सीएसटीवर बहुतेकांना सांगणारे साहेब नव्हते.

आणि गंमत पाहा, कायद्याला हुकमाची गरज नव्हती! त्याच संहितेचे कलम १४९, १८९८ पासून चालत आलेले आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६८ क्रमांकाने बसलेले, सांगते की दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी प्रत्येक पोलीस अधिकारी मध्ये पडू शकतो, आणि आपल्या कुवतीप्रमाणे त्याने तो रोखलाच पाहिजे. 'शकतो' आणि 'पाहिजे' एकाच वाक्यात. 'प्रत्येक' या शब्दात शिपाईही येतो. शिवाय दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी प्रतिकार करण्याचा हक्क तर कायद्याने कुणाही नागरिकाला दिला आहे. कायदा पोलिसाच्या खिशात होता. त्याच्या बोटापर्यंत तो कुणी पोचवला नव्हता.

काकांना हे मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. ते म्हणाले, "हे आम्हाला परीक्षेला होतं. पाठ करून लिहिलं, पास झालो."

आता गिरगाव चौपाटी. तुकाराम ओंबळे हे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. सैन्यातून पोलिसात आलेले, डी. बी. मार्ग ठाण्यातले सहाय्यक फौजदार. हातात लाठी. कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेत सोडली नाही. कसाब जिवंत सापडला, आणि हा कट कुठे शिजला हे जगासमोर आले, ते यामुळे. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. २०२१ मध्ये महाराष्ट्रात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी त्यांचे नाव दिले : इशियस तुकारामी. त्यांच्या धैर्याविषयी मी काही लिहावे अशी माझी पायरी नाही.

पण चौपाटीची घटना आणि सीएसटीची घटना शेजारी ठेवल्यावर एक फरक दिसतो. त्याकडे आपण त्यांच्या शौर्याच्या प्रकाशात दुर्लक्ष करतो. चौपाटीवर नाकाबंदी होती. रस्त्यात बॅरिकेड लावलेले होते. पळवलेली स्कोडा गाडी कुठल्या दिशेने येते आहे याचा बिनतारी संदेश आलेला होता. अधिकारी जागेवर हजर होते, कोण कुठे उभा राहील हे ठरलेले होते. इस्माईल खान तिथेच पोलिसांच्या गोळीने पडला. सीएसटीवरच्या शिपायाकडे यातले काहीही नव्हते. पहिला आवाज त्याला फटाक्याचा वाटला असेल. नियोजनाने धैर्य तयार होत नाही, हे खरे. पण नियोजन नसले की असलेले धैर्यही कुठे उभे राहायचे ते शोधत राहते.

कामा रुग्णालयातही तेच. अतिरिक्त आयुक्त सदानंद दाते मूठभर माणसांसह वर चढले. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई खांडेकर तिथे पडले. हातबॉम्बने जखमी झालेल्या दात्यांनी दोघांना बराच वेळ अडवून धरले. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे : रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांच्या गाडीतले शिपाई. करकरे यांनी कुमक मागितली होती. ती कुठे अडली, आणि जखमी अधिकारी इतका वेळ गल्लीत का पडून राहिले, हे प्रश्न विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवून विचारले. 'टू द लास्ट बुलेट' हे त्यांचे पुस्तक २००९ मध्ये आले. त्यावर वरिष्ठ अधिकाऱ्यांची बाजू वेगळी आहे, हा वाद मिटलेला नाही. एका विधवेने अर्ज भरून, नक्कल फी देऊन इतिहासाचे साधन मिळवले, याचे माझ्यासारख्या पदवीशिवाय संशोधन करणाऱ्याला फार अप्रूप वाटते.

राज्य सरकारने डिसेंबर २००८ च्या अखेरीस राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. समितीने सीएसटीवरच्या शिपायाला दोषी धरले नाही. त्या रात्री आयुक्तांचे नेतृत्व दिसले नाही, ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हत्यारे आणि सरावाच्या काडतुसांचा तुटवडा होता, असा तिचा रोख होता. आयुक्त हसन गफूर यांना तो मान्य नव्हता. त्यांनी नंतर एका मुलाखतीत आपल्याच काही वरिष्ठ सहकाऱ्यांकडे बोट दाखवल्याचे छापून आले, आणि पुन्हा धुरळा उडाला. भित्रेपणाचा आरोप वरून खाली आणि खालून वर असा फिरत राहिला. 'फोर्स वन' स्थापन झाले. नवी हत्यारे आली.

त्यानंतर बरीच वर्षे मी हा विषय बाजूला ठेवला. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या शाळेत सव्वाशेहून अधिक मुले मारली गेली, आणि आपल्याकडच्या शाळांनाही सुरक्षेच्या सूचना आल्या. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. तिच्या शाळेच्या फाटकावर एक वयस्क रखवालदार आणि एक नोंदवही आली. ती घरी येऊन म्हणाली, आज आम्हाला बाकाखाली बसायला शिकवलं. पोलीस येईपर्यंत बसायचं. मी विचारले, किती वेळ? तिला ते सांगितले नव्हते.

किती वेळ, याचे उत्तर टेक्सासच्या युवाल्डी गावात २४ मे २०२२ रोजी मिळाले : सत्त्याहत्तर मिनिटे. रॉब प्राथमिक शाळेत एका तरुणाने एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका यांना मारले. वेगवेगळ्या दलांचे एकूण ३७६ सशस्त्र अधिकारी जमले. व्हरांड्यात उभे होते. ढाली होत्या, रायफली होत्या. वर्गातून मुले फोन करत होती. बाहेर आईबापांना पोलीसच अडवत होते.

इथे माझा पुंगळीचा सिद्धान्त कोसळला. अमेरिकी पोलिसाकडे हत्याराची वाण नाही, सरावाची नाही, आणि हुकमाचे म्हणाल तर १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत पोलीस बाहेर थांबले आणि आत एक शिक्षक रक्तस्राव होऊन गेले, त्यानंतर तिथली शिकवणच बदलली होती : पहिला पोहोचेल त्याने थांबायचे नाही, आत जायचे. तरी ३७६ जण थांबले. चौकशी अहवालांत कारण निघाले ते काहीसे ओळखीचेच. सूत्रे कुणाकडे आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येकाला वाटले, दुसरा ठरवतो आहे. गोळीबार चालू असलेली घटना त्यांनी 'आत कोंडलेला माणूस' अशी समजून घेतली, आणि तशी एकदा समजूत झाली की वाट पाहणे हेच शहाणपण ठरते. आपल्याकडे हद्दीचा वाद असतो, तिथेही तो होताच.

त्याहून धक्का बसला तो तिथला कायदा वाचून. २००५ च्या कॅसल रॉक खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, न्यायालयाचा मनाई हुकूम असूनही पोलिसांनी कारवाई केली नाही म्हणून एका आईला घटनेच्या आधारे दाद मागता येणार नाही. तिच्या तीन मुली त्यांच्या बापाने मारल्या होत्या. फ्लोरिडातल्या पार्कलंड शाळेत २०१८ मध्ये सतरा जण मेले. इमारतीबाहेर थांबलेल्या शाळेच्या पोलिसावर खटला चालला, आणि २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला. म्हणजे आपल्याकडे 'रोखलेच पाहिजे' असे स्पष्ट लिहिलेले कलम आहे, भित्रेपणाला शिक्षा आहे. त्यांच्याकडे ते ठामपणे नाही. आणि शेवट दोन्हीकडे सारखा.

एक गोष्ट इथे नोंदवली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. पोलीस थांबतो तो नेहमी भीतीने नव्हे. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात एकतीस पोलिसांची नावे घेतली, आणि दलातला पक्षपात उघड शब्दांत मांडला. तिथे पोलिसाचे हात कापत नव्हते, त्याची इच्छा नव्हती. या निष्क्रियतेला भित्रेपणाचे कलम लागत नाही. दलितांवरील अत्याचारांच्या बाबतीत विधिमंडळांना आणि संसदेला हे उमगले असावे, कारण १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात जाणूनबुजून हयगय करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीत त्याची कर्तव्ये एकेक करून लिहून काढली : तक्रार नोंदवणे, ती वाचून दाखवणे, प्रत देणे. 'भित्रेपणा' असा एक मोठा शब्द ठेवण्यापेक्षा ही छोटी यादी मला अधिक कामाची वाटते. यादीतली गोष्ट झाली की नाही, हे सिद्ध करता येते.

आता माझ्याविषयी. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मी चर्चगेटहून घरी येत होतो. पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, त्यातला एक खार आणि सांताक्रूझच्या मध्ये. माझी गाडी मागे थांबली. आम्ही उतरून रुळांतून चालू लागलो. पुढे फाटलेला डबा दिसला. रुळांलगतच्या वस्तीतली माणसे घरातल्या चादरी घेऊन धावत होती, जखमींना चादरीत घालून चौघे-चौघे उचलत होती. कुणीतरी मला हाक मारली, "अहो, कोपरा धरा." मी घड्याळ पाहिले, घरी फोन लागत नव्हता, आणि मी चालत राहिलो. घरी पोचल्यावर आंघोळ केली.

माझ्यावर कुठलेच कलम नव्हते.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्याआधी काही महिने मी त्यांना हे सांगितले होते. त्यांनी ऐकून घेतले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, हाक मारणारा माणूस कसा दिसत होता, आठवतो का? बनियन घातलेला, तिशीचा, केसांत रंग लागलेला, बहुधा रंगारी असावा, असे मी सांगितले. "मग तुला सगळं दिसत होतं," ते म्हणाले, आणि चहा टाकायला उठले. कायद्याची ती फाटकी प्रत अजून माझ्याकडे आहे. कलम १४५ च्या समासात पूर्वीच्या कुणा मालकाने पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले आहे, ते मी पुसलेले नाही.